कळसूबाईची चढण आणि अर्धी शक्ति

अहमदनगर जिल्हा म्हटला कीं परस्थ मनुष्याच्या डोळ्यांपुढें पाथर्डी-जामखेडकडील उजाड माळ आणि चाऱ्याच्या छावण्या उभ्या राहतात. २०२४ सालीं या जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर असें झालें. आमच्या पिढीच्या तोंडून मात्र अद्यापि 'नगर' हाच शब्द निघतो, त्याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी. तर याच नगर जिल्ह्याचा पश्चिमेकडील एक कोपरा असा आहे कीं, तेथें आषाढ-श्रावणांत चार चार दिवस सूर्यदर्शन होत नाहीं, भाताचीं खाचरें तुडुंब भरलेलीं असतात, आणि साऱ्या महाराष्ट्रांत सह्याद्रीचें मस्तक सर्वांत उंच तेथेंच आहे. हा अकोलें तालुका. त्यांतील कळसूबाईचें शिखर १६४६ मीटर, म्हणजे जुन्या मापानें ५४०० फूट, उंच आहे.

अलीकडे सुटीच्या दिवशीं या शिखरावर तरुणांची जत्रा लोटते. त्यांच्याविषयीं आम्हांस येथें कांहीं लिहावयाचें नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. पन्नाशी ओलांडलेल्या, चार औषधें नेमानें घेणाऱ्या, परंतु पायांतील हौस न गेलेल्या मनुष्यानें ही चढण चढावी काय, आणि चढावी तर कशी? या प्रश्नास घरोघरीं दोन उत्तरें मिळतात. नातू म्हणतो, "आजोबा, त्यांत काय आहे? तीन तासांत वर!" घरांतील वडीलधारी मंडळी म्हणतात, "हें काय वय आहे डोंगर चढण्याचें?" आमच्या मतें दोन्ही उत्तरें विचार टाळणारीं आहेत. दोन हिवाळे खर्चून आम्हीं या प्रश्नाचा जो छडा लावला, तो येथें सांगतों.

आमचें वय सहासष्ट. शाळेंत शब्दरूपें घोकवून घेण्यांत आयुष्य गेलें. रक्तदाबाची एक गोळी रोज घ्यावी लागते, याखेरीज देवाची कृपा आहे. आमचे स्नेही आमच्याहून पांच वर्षांनीं धाकटे. पाटबंधारे खात्यांतून ते सेवानिवृत्त झाले. बावन्नाव्या वर्षीं त्यांना धांवण्याचा छंद जडला, आणि पुढील सहा वर्षांत एकवीस किलोमीटरांच्या अनेक अर्धमॅरेथॉन शर्यती त्यांनीं पुऱ्या केल्या. धांवणाऱ्यास हृदयविकार होत नाहीं असा त्यांचा दृढ समज होता. अठ्ठावन्नाव्या वर्षीं एके पहाटे धांवतांना छातींत दाब आला, तपासणींत एक रोहिणी बरीच अरुंद झालेली आढळली व तींत स्टेंट बसविण्यांत आला. वडिलांनाहि हाच विकार होता, आणि रक्तांतील चरबी त्यांनीं कधीं तपासून घेतली नव्हती. व्यायामानें हृदयविकाराचा संभव कमी होतो, नाहींसा होत नाहीं. पुढें दोन वर्षांनीं, फिरत्या पट्ट्यावर चालवून हृदयाचा आलेख काढल्यानंतर, डॉक्टरांनीं त्यांना डोंगर चढण्याची परवानगी दिली. पण वेगाची दिली नाहीं.

मार्गशीर्षांत आम्ही निघालों. नगरहून संगमनेर, तेथून अकोलें, मग राजूर, असा हा रस्ता प्रवरेच्या उगमाकडे चढत जातो. संगमनेरपर्यंत उंसाचे फड आणि कांद्याचीं शेतें. राजूर मागें पडलें कीं हवा बदलते व डोंगर दोन्ही बाजूंनीं जवळ येतात. वाटेंत भंडारदऱ्याचें धरण लागतें. प्रवरेवरील हें दगडी धरण १९२६ सालीं पुरें झालें आणि गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचें नांव त्यास देण्यांत आलें. स्नेह्यांना खात्याचा अभिमान, म्हणून गाडी थांबवून त्यांनीं त्याचें वर्णन यथासांग केलें. याच पाण्याच्या कालव्यांवर खालचा प्रदेश उंसाचा झाला, आणि १९५० च्या सुमारास लोणीजवळ प्रवरानगर येथें सहकारी साखर कारखाना उभा राहिला. "जिल्ह्याला साखर आमच्या खात्यानें दिली, मास्तर," ते म्हणाले, "मधुमेह मात्र ज्यानें त्यानें आपला मिळविला."

रात्रीं आम्ही बारी या गांवीं राहिलों. हें कळसूबाईच्या पायथ्याचें गांव. वस्ती बहुतेक महादेव कोळ्यांची. कळसूबाई ही त्यांच्याच कुळांतील मुलगी असें सांगतात. डोंगराच्या पायथ्याच्या इंदोर गावीं ती एका ब्राह्मणाच्या घरीं कामास राहिली, ती 'भांडीं घासणार नाहीं व केर काढणार नाहीं' अशी अट घालून. एके दिवशीं घरीं पाहुणे आले आणि यजमानांनीं तिला तीं दोन्ही कामें करावयास लाविलीं. तिनें तीं केलीं, आणि सरळ डोंगर चढून गेली; ती मरेपर्यंत खालीं उतरली नाहीं. जेथें तिनें भांडीं घासलीं त्या जागेस थाळेमेळ म्हणतात. आमच्या वाचकांच्या घरीं या कथेचा पहिला अर्धा भाग रोज घडतो, म्हणून मुद्दाम सांगितली.

बारीहून माथ्यापर्यंत अडीच हजार फुटांहून अधिक उभी चढण आहे. प्रथम खाचरांच्या बांधांवरून वाट, मग कातळांत खोदलेल्या पायऱ्या, आणि जेथें कडा उभा आहे तेथें लोखंडी शिड्या. आम्ही पहाटे निघालों. बरोबर बारींतीलच एक वाटाड्या होता, वयानें पंचावन्नाच्या आसपास. तो इतका सावकाश चाले कीं प्रथम आम्हांस तो आमच्या वयाचा मान राखीत आहे असें वाटलें. पण तो रोजच तसा चालत असे. त्याचें पाऊल लहान, आणि तें पायरीवर पुरें टेंकल्याखेरीज दुसरें उचलत नसे. मध्यें तो थांबतहि नसे. धांवत सुटून दर शंभर पायऱ्यांना धापा टाकीत बसणाऱ्या तरुणांना त्यानें न बोलतां तीनदां मागें टाकलें.

पहिल्या शिडीनंतर स्नेह्यांचा वेग वाढूं लागला. शर्यतीची संवय, पुढें कोणी दिसला कीं त्यास गांठावयाचें. आम्हीं हटकलें तेव्हां त्यांनीं मनगटावरील घड्याळ दाखविलें. "एकशेंदहा, मास्तर. माझ्या वयाला एकशेंसाठ चालतात."

हा हिशेब आजकाल पुष्कळांच्या तोंडीं असतो. दोनशेंवीसांतून वय वजा करावें, म्हणजे नाडीची परमावधि निघते, असा तो स्थूल आडाखा आहे. माणसामाणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. शिवाय स्नेही बीटा-ब्लॉकर जातीचें औषध घेत होते. या औषधाचें कामच हृदयाचा वेग आवरून धरणें हें आहे. तेव्हां श्रम कितीहि झाले तरी घड्याळ सौम्य आंकडाच दाखविणार. लगाम ओढून धरलेल्या घोड्याच्या चालीवरून त्याच्या पाठीवरील ओझें कसें ओळखावें?

या ठिकाणीं आमचें जुनें संस्कृत कामास आलें. सुश्रुतानें व्यायामाची मर्यादा 'बलार्ध' ही सांगितली आहे. हृदयांतील वायु तोंडावाटे येऊं लागला, म्हणजे नाकानें श्वास पुरेनासा होऊन तोंड उघडलें, कीं अर्धें बळ खर्च झालें असें समजावें व थांबावें. व्यायाम करण्यापूर्वीं वय, बळ, शरीर, देश, काळ आणि आहार हीं सहा पाहावींत असेंहि तो सांगतो. वाग्भटहि अर्धशक्तीचाच पुरस्कार करतो, तोहि हिवाळ्यांत व वसंतांत, आणि बळकट मनुष्याला. इतरांनीं त्याहून कमी. अतिव्यायामानें तृष्णा, श्वास, कास, ज्वर होतात असें सांगून, हत्तीला ओढूं जाणाऱ्या सिंहाचा तो दृष्टांत देतो. आजचे वैद्यकवेत्ते हीच कसोटी दुसऱ्या शब्दांत सांगतात. चालतां चालतां सबंध वाक्य बोलतां येत असेल तर श्रम मध्यम. तीन-चार शब्दांनीं दम तुटत असेल तर तीव्र. नाडी औषधानें फसवितां येते, दम फसवितां येत नाहीं.

आम्हीं स्नेह्यांना सांगितलें, "रामरक्षेचा एक श्लोक न थांबतां म्हणा." शाळामास्तराची ही संवय जात नाहीं. ते हंसले, पण त्यांनीं आरंभ केला. पहिला चरण बरा झाला. दुसऱ्याच्या मध्येंच श्वास घ्यावा लागला. वेग उतरविला, पुन्हां म्हणवून घेतला. तेव्हां पुरा झाला. याप्रमाणें चालत आम्ही शेवटच्या शिडीखालील विहिरीपाशीं आलों. माथ्यावरचें लहानसें देऊळ तेथून हांकेच्या अंतरावर वाटतें. तेथें पुन्हां परीक्षा झाली. बसून दहा मिनिटें विसांवा घेतल्यावरहि, उभे राहून वीस पावलें चाललों कीं श्लोक अर्ध्यावर तुटे. छातींत दुखणें नव्हतें, दाब नव्हता. दम मात्र नेहमींसारखा नव्हता.

माथा समोर असतांना मागें फिरणें म्हणजे काय, हें ज्यानें केलें त्यासच ठाऊक. स्नेही पांच मिनिटें बोलले नाहींत. वाटाड्यानें एकच वाक्य म्हटलें, "बाबा, बाई कुठं जात न्हाई." आम्ही तेथून उतरलों. सायंकाळीं पायथ्याशीं कोणीसा विचारता झाला, "वर गेला होतांत का?" तेव्हां "नाहीं" हें उत्तर स्नेह्यांनींच दिलें, आणि तें स्पष्ट दिलें, त्या उत्तराबद्दल आम्हांस त्यांच्याविषयीं फार आदर वाटला.

येथें एक गोष्ट प्रत्येकानें ध्यानांत धरावी. मोटारीचा रस्ता पायथ्याशींच संपतो. वर दुखणें झालें तर चार माणसांच्या खांद्यांवरूनच खालीं यावें लागतें. छातींत दाब, तो जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे पसरणें, घेरी, थंड घाम, यांपैकीं कांहीं दिसलें तर तत्क्षणीं थांबावें. स्त्रियांत कधीं कधीं छाती मुळींच दुखत नाहीं. नुसता विलक्षण थकवा किंवा मळमळ होते, आणि ती पित्ताची म्हणून आल्याच्या रसावर भागविली जाते.

उतरतांना दुसरा धडा मिळाला. चढण दमाची परीक्षा घेते, उतार मांड्यांची. उतरतांना मांडीचे स्नायु ताणले जात असतांनाच शरीराचा भार आंवरून धरतात. या उलट्या कामानें त्यांतील बारीक तंतु दुखावतात, आणि ठणका त्या दिवशीं न येतां दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं येतो. सपाट रस्त्यावर सहा वर्षें धांवलेल्या स्नेह्यांस तिसऱ्या दिवशीं घराचा जिना पाठमोरे होऊन उतरावा लागला. त्यांच्या कुटुंबानें याबद्दल जें म्हटलें तें छापण्याजोगें नाहीं.

पुढचें वर्ष तयारींत गेलें. नगरच्या पूर्वेस कांहीं मैलांवर एक डोंगर आहे, त्यावर तीन मजल्यांची अष्टकोनी इमारत दिसते. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. वास्तविक तें निजामशाहींतील प्रधान सलाबतखान याचें थडगें आहे. शहरांतील पुष्कळ मंडळी येथें पहाटे चढावयास येतात. आम्ही दोघे आठवड्यांतून तीनदां जाऊं लागलों, आणि लक्ष उतरण्यावर ठेविलें. उतरण्याचा अभ्यास थोडा थोडा केला कीं स्नायु त्यास लवकर सरावतात. पहिल्या खेपेस जो ठणका येतो तो तिसऱ्या-चौथ्या खेपेस निम्म्याहून कमी होतो. उरलेल्या दोन दिवशीं खुर्चीवरून हात न टेंकतां उठणें-बसणें, आणि दांत घांसतांना एका पायावर उभें राहणें. या शेवटच्या व्यायामाची नातवंडांनीं थट्टा केली. पण जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं दिलेल्या सूचनांत पासष्टीवरील लोकांना तोल संभाळण्याचे व्यायाम आठवड्यांतून तीन दिवस करावयास सांगितलें आहे, तें उगीच नव्हे. या वयांत हाड मोडतें तें बहुधा डोंगरावर नव्हे, न्हाणीघरांत.

आहाराविषयीं आमच्या समाजास थोडें कडू बोलणें भाग आहे. वय वाढलें कीं स्नायु झिजतात, आणि ते राखावयाचे तर प्रथिनें तरुणपणाहून अधिक लागतात. शरीराच्या दर किलो वजनामागें एक ग्रॅम, किंबहुना थोडें जास्तच. आमच्या पानांत भाताच्या मुदीवर पळीभर पातळ वरण आणि त्यावर तुपाची धार, यालाच आपण पौष्टिक अन्न म्हणत आलों. आमच्या घरीं आतां रोज वाटीभर घट्ट उसळ, दोन्ही वेळां दहीं, आणि पहाटेच्या श्रमानंतर दूध असतें. साठ वर्षांच्या जिभेस वळण लावणें शाळेंतील मुलांना वळण लावण्याहून अवघड आहे, एवढेंच म्हणतों. चढावर पाणी घोट घोट घ्यावें, पण तहान नसतां नुसतें पाणी ढोसीत राहूं नये. दीर्घ श्रमांत त्यायोगें रक्तांतील मिठाचें प्रमाण उतरून घेरी येते. मीठ घातलेलें ताक उत्तम. रक्तदाबासाठीं लघवी वाढविणारी गोळी घेणाऱ्यांनीं आणि मीठ वर्ज्य असणाऱ्यांनीं मात्र डॉक्टरांस आधीं विचारावें.

ज्येष्ठांत त्र्यंबकेश्वराहून पंढरीस जाणारी निवृत्तिनाथांची पालखी नगरांत मुक्कामास येते. दरवर्षीं आम्ही दर्शनास जातों. त्या वर्षीं आम्हीं पाय पाहिले. चारशें किलोमीटरांहून अधिक वाट, सुमारें चार आठवड्यांची; आणि चालणाऱ्यांत अर्ध्याअधिक माणसें पन्नाशीपुढचीं. सत्तरीची म्हातारी डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालत होती आणि गातहि होती! आम्ही दोघांनीं एकमेकांकडे पाहिलें. टाळाच्या ठेक्यावर चालणारा आणि अभंग म्हणणारा मनुष्य आपल्या दमापलीकडे जाऊंच शकत नाहीं. जाऊं लागला कीं त्याचें गाणें तुटतें. ठराविक विसांवे, ठराविक जेवण, आणि उद्यां पुन्हां तेवढेंच चालावयाचें आहे ही जाणीव. आम्ही सुश्रुतांत शोधीत होतों तें त्या बाईच्या कंठांत होतें. भाविकपणाचा भाग आम्ही वेगळा ठेवतों. टांचांना पडलेले फोड आणि उन्हानें आलेली मूर्च्छा हींहि दिंडींत दिसलींच.

दूरचीं उदाहरणें वाचून उमेद येते, आणि दिशाभूलहि होते. फौजासिंग या पंजाबी गृहस्थांनीं पत्नी व मुलगा गेल्याच्या दुःखांतून ऐंशीनंतर धांवण्याचा ध्यास घेतला, २००० सालीं, कागदोपत्रीं वय ८९ असतांना, लंडनची मॅरेथॉन पुरी केली, आणि २०११ सालीं टोरांटो येथें शंभरीच्या वयांत तेंच अंतर आठ तासांहून थोड्या अधिक वेळांत चालून-धांवून कापलें. २०२५ च्या जुलैंत आपल्या गांवाजवळ मोटारीच्या धडकेनें ते वारले. पुण्याचे आशिष कासोदेकर यांनीं पन्नाशीच्या वयांत, २०२१ च्या नोव्हेंबरापासून २०२२ च्या जानेवारीपर्यंत, साठ दिवसांत साठ मॅरेथॉन अंतरें पुरीं केलीं. अशा पुरुषांची कीर्ति ऐकून जो उद्यांच बूट विकत घ्यावयास निघतो, त्यानें एवढें पाहावें कीं यांपैकीं कोणीहि वेगासाठीं धांवत नव्हता. न हालणाऱ्या मनुष्याची प्राणवायु वापरण्याची शक्ति तिशीनंतर दर दशकास सुमारें दहा टक्के घटते. नित्य व्यायाम करणाऱ्याची साधारण निम्म्या गतीनें. म्हणजे उतार दोघांसहि आहे.

पुढील पौषांत आम्ही पुन्हां बारीस गेलों. तपासणी पुन्हां करून घेतली होती, औषधाचें प्रमाण डॉक्टरांनीं बदललें होतें, आणि जिभेखालीं धरावयाची गोळी स्नेह्यांच्या खिशांत होती. घड्याळ त्यांनीं आपणहून घरीं ठेविलें. वाटाड्या तोच. या खेपेस स्नेही त्याच्या पाउलांवर पाऊल टाकीत गेले, आणि दर शिडीच्या तळाशीं न सांगतां श्लोक म्हणूं लागले. विहिरीपाशीं श्लोक पुरा झाला. शेवटच्या शिडीच्या माथ्यावर लगोलग दुसरा आरंभिला, तोहि पुरा झाला. वर यावयास साडेतीन तास लागले. एका तरुण टोळक्यानें आम्हांस तीनदां ओलांडलें आणि तीनदां आम्हीं त्यांस विसांव्यावर बसलेलें पाहिलें.

देवळांत जेमतेम तीन-चार माणसें मावतील. बाहेर वारा असा कीं टोपी हातांत धरावी लागली. पश्चिमेकडे अलंग, मदन, कुलंग हे तीन किल्ले एका रांगेंत. खालीं भंडारदऱ्याचें पाणी, त्यापलीकडे रतनगड, आणि दूर दक्षिणेस हरिश्चंद्रगडाचा माथा. या साऱ्या रानास १९८६ पासून अभयारण्याचें संरक्षण आहे. आम्ही अर्धा तास बसलों, शेंगदाण्याची चिक्की खाल्ली, आणि ऊन तापण्यापूर्वीं निघालों. उतरावयास चढण्याहून वीस मिनिटें अधिक लागलीं. दोन्ही हातांत काठ्या होत्या, आणि प्रत्येक पायरीवर आधीं काठी, मग पाय, असा क्रम आम्हीं मोडला नाहीं. बारींत पोहोंचल्यावर वाटाड्याच्या घरीं पिठलें-भाकरी मिळाली.

तिसऱ्या दिवशीं स्नेही घराचा जिना कठड्यास हात न लावतां, सरळ तोंडानें उतरले, असें त्यांच्या कुटुंबानें आम्हांस फोनवरून कळविलें.